कोपीतलं लेकरू कुठल्या गावचं?

मामा नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली, केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना दर जनगणनेला प्रगणक म्हणून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. भाची जामखेड भागात अंगणवाड्यांची मुख्यसेविका. अंगणवाड्यांना भेटी द्यायच्या, लेकरांची वजनं बघायची, नोंदी तपासायच्या, हे तिचं रोजचं काम. दोघांची एकमेकांवर माया आहे, पण लेकरांच्या संख्येचा विषय निघाला की दोघंही हटत नाहीत.

या वेळी निमित्त दूरदेशीचं झालं. नायजेरिया आणि इथिओपिया या दोन देशांत येत्या पंचवीस वर्षांत लहान मुलं किती वाढतील, याची तुलना करणारा तक्ता मामांनी वाचला होता. मी मधे बसून ऐकत होतो. आफ्रिकेतून निघालेला वाद जिथं येऊन पोचला ती गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या हातातली आहे, म्हणून इथं मांडतो आहे.

मामा : तू आधी आकडे ऐक. नायजेरियात आज सुमारे २३ कोटी लोक आहेत. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज सांगतो की २०५० साली ते ३६ कोटींच्या आसपास असतील. वर्षाला ७५ लाखांच्या घरात बाळं जन्मतात. रशिया धरून सगळ्या युरोपात तेवढी जन्मत नाहीत. इथिओपिया आज १३ कोटी, तो २२ कोटींच्या पुढे जाणार. पाच वर्षांखालची मुलं एकट्या नायजेरियात ढोबळमानानं साडेतीन कोटी, इथिओपियात दोन कोटींच्या जवळपास. आपल्या अख्ख्या महाराष्ट्रात २०११ साली सहा वर्षांपर्यंतची सगळी मिळून १ कोटी ३३ लाख होती. एवढ्या लेकरांना शाळा कुठून आणायच्या, मास्तर कुठून आणायचे? युनिसेफच्या हिशोबानं नायजेरियात आजच एक कोटीहून जास्त मुलं शाळेबाहेर आहेत. मला तर धडकीच भरली.

भाची : धडकी भरण्याआधी भागाकार करा, मामा. तुम्हीच शिकवलाय. २३ चे ३६ म्हणजे किती पट?

मामा : दीडपट. थोडं वर.

भाची : आणि १३ चे २२ च्या वर?

मामा : पावणेदोन पटीच्या जवळ.

भाची : मग वेगानं कोण वाढतंय?

मामा : इथिओपिया. तिथल्या बायांना लेकरं जास्त होत असणार.

भाची : कमी होतात. इथिओपियात २०१६ च्या पाहणीत एका बाईला सरासरी ४.६ मुलं होती. नायजेरियात २०१८ ला ५.३ आणि २०२३-२४ ला ४.८. तरीही पटीत इथिओपिया पुढं आहे, कारण तिथली लेकरं जगायला लागली आहेत. सन २००० च्या पाहणीत तिथं हजारांतली १६६ मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात होती. सोळा वर्षांत तो आकडा ६७ वर आला. नायजेरियात २०१८ साली तो १३२ होता आणि परवाच्या पाहणीतही ११० आहे. माणसाचं सरासरी आयुष्य नायजेरियात पंचावन्नच्या आसपास, इथिओपियात पासष्टीच्या पुढं. तुमच्या तक्त्यात दोन्ही देश वाढताना दिसतात. पण एका ठिकाणी लेकरं जन्मतात आणि टिकतात, दुसऱ्या ठिकाणी जास्त जन्मतात आणि जास्त मरतात.

मामा : मग माझंच खरं झालं की. वाचवली म्हणून वाढली. आता त्यांना खायला कोण घालणार?

मामांच्या या प्रश्नामागे त्यांच्या पिढीनं सोसलेलं बरंच काही आहे. ते नोकरीला लागले ते आणीबाणीचे दिवस. मास्तरांना शिकवण्याबरोबर कुटुंब नियोजनाच्या ‘केसेस’ आणायला लागत. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण लोकसंख्या म्हणजे संकट, हा धडा त्या पिढीच्या सरकारी नोकराच्या अंगात मुरला तो मुरलाच. मामा सक्तीच्या बाजूचे कधीच नव्हते. त्या काळात लोक मास्तरला पाहून शेताकडं पळायचे, याची खंत त्यांच्या बोलण्यात आजही येते. तरी भीती शिल्लक आहे. आणि त्यांचा हिशोबही चुकीचा नाही. बहुतेक समाजांत आधी मरणं कमी होतात, जन्म मागाहून कमी होतात. मधल्या एका पिढीत माणसं भराभर वाढतात. इथिओपिया आज त्या मधल्या पिढीत आहे.

भाची : मामा, ती मधली पिढी आपल्या जामखेडनं पाहिलेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथं आले. १९७१ ला त्यांच्या कामाच्या गावांत हजार बाळांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. जन्मदर हजारी ४०. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ. तुमचा तेव्हाचा सरकारी हिशोब काय सांगत होता? आधी जन्म थांबवा. आरोळ्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. प्रत्येक गावानं आपल्यातली एक बाई निवडायची. बहुतेक जणी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्यांना जामखेडला बोलावून शिकवायचं. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात हात आणि पातं कसं स्वच्छ ठेवायचं, कुठल्या गरोदर बाईला दवाखान्यात न्यायलाच हवं, बाळाला वरचं खाणं कधी सुरू करायचं. ती बाई परत जाऊन गावाला शिकवायची. हळूहळू बाळं मरायची थांबली. पंचवीस वर्षांत तो १७६ चा आकडा तिसाच्या खाली आला आणि जन्मदर निम्म्यावर आला. कुणाच्याही मागं पळावं लागलं नाही, कुणाचा पगार अडवावा लागला नाही. ज्या आईला खात्री वाटली की माझी दोन जगतील, तिनं आपणहून पाचावर जायचं सोडलं.

मामा : आरोळे डॉक्टर फार मोठा माणूस, बाईही तशाच. पण जामखेड म्हणजे काही गावं. इथिओपिया म्हणजे १३ कोटी माणूस. एक प्रयोग दाखवून देश चालतो का?

भाची : तो प्रयोग म्हणून राहिलाच नाही. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातून चाललेल्या आरोग्यकामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही आफ्रिकेतल्या देशांतून माणसं जामखेडला शिकायला येतात. आणि इथिओपियानं काय केलं बघा. २००३ पासून खेड्याखेड्यात दहावीपर्यंत शिकलेल्या दोन-दोन मुली निवडल्या, वर्षभर शिकवलं, सरकारी पगार दिला. अशा तीस हजारांहून जास्त जणी उभ्या केल्या. आपल्याकडं आशाताई आल्या त्या २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून, म्हणजे त्यांच्यानंतर. आणि आपल्या आशाला अजून पगार नाही, मानधन आहे. तुम्ही त्या देशाकडं कीव येऊन बघताय. मी तिथल्या त्या मुलींकडं बरोबरीच्या नात्यानं बघते. काम तेच, बॅगेतलं सामानही बरंचसं तेच.

मामा : बरं, तुझं मानलं. पण हे २०५० चे अंदाज? ते तरी धरून चालायचं की नाही?

भाची : धरायचे, पण कशावर उभे आहेत ते बघून. तुम्हीच सांगा, पुढच्या वर्षी पहिलीत किती येतील हे तुम्ही कसं काढायचात?

मामा : अंगणवाडीच्या रजिस्टरवरून. पाच पूर्ण झालेली किती, त्यातली बाहेरगावी जाणारी किती, इंग्रजी शाळेत जाणारी किती.

भाची : तेच. अंदाजाला तीन गोष्टी लागतात. आई होण्याच्या वयाच्या बाया किती, प्रत्येकीला मुलं किती होतील, त्यातली जगतील किती. पहिली गोष्ट पक्की, कारण पुढच्या वीस वर्षांतल्या आया आज जन्मलेल्या आहेत. म्हणून २०५० पर्यंत दोन्ही देशांत लहान मुलं आजच्यापेक्षा जास्त असण्याचीच शक्यता मोठी. पण दुसरी आणि तिसरी गोष्ट माणसांच्या हातात असते. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली सांगितलं होतं की २१०० मध्ये नायजेरिया ९१ कोटींवर जाईल. २०२४ साली तेच म्हणतात, ४८ कोटींच्या आत. बारा वर्षांत अंदाज निम्म्यावर. आणि हा सगळा हिशोब कशावर? नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची, इथिओपियाची २००७ ची. दोन्हीकडं पुढची तारीख ठरते आणि पुढं ढकलली जाते.

मामा : आपली २०११ ची.

भाची : हो. आपणही त्याच रांगेत.

यावर मामा थोडा वेळ बोलले नाहीत. सगळं आयुष्य पट मांडण्यात गेलेल्या माणसाला हा मुद्दा लागला असावा. तीन मोठे देश, तिन्हींच्या लेकरांच्या भविष्याबद्दल जगभर तक्ते छापले जातात आणि तिन्ही ठिकाणी आज प्रत्यक्षात किती लेकरं आहेत हे कुणी मोजलेलं नाही. नमुना पाहण्या होतात, त्या चांगल्या असतात, मघाचे दर त्यांतूनच आले. पण पाहणीतून सरासरी कळते. कुठल्या वस्तीवर अंगणवाडी हवी, हे सरासरीतून कळत नाही. सरासरी किती फसवते याची साक्ष हे दोन देशच देतात. नायजेरियात २०१८ साली लागोसमध्ये एका बाईला ३.४ मुलं होती, उत्तरेच्या कात्सिनात ७.३. इथिओपियात २०१६ साली राजधानी अदिस अबाबात १.८, सोमाली प्रदेशात ७.२. अदिस अबाबातली आई आणि मुंबईतली आई या बाबतीत जवळजवळ सारख्या आहेत. ‘आफ्रिकेत लेकरं फार’ असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा या आईचा विचार आपल्या मनात नसतो.

मग मामांनी विषय घरी आणला.

मामा : मला आफ्रिकेची भीती वाटते ती आपल्या शाळा बघून. तिकडं वर्गात मावत नाहीत, इकडं वर्गात कुणी नाही. नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. २००१ ला जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतची सुमारे ५ लाख ९९ हजार मुलं होती. २०११ ला ५ लाख ३७ हजार. दहा वर्षांत एकूण माणसं पाच लाखांनी वाढली आणि लेकरं ६२ हजारांनी घटली. आता राज्यात एका बाईला सरासरी १.७ मुलं आहेत, म्हणजे यापुढं घटतच जाणार. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या आसपास निघाल्या. त्या बंद करून समूह शाळा करायच्या म्हणतात. वस्तीवरची पहिलीची पोरगी रोज चार किलोमीटर जाणार आहे का? मी ज्या शाळेत पहिल्यांदा हजर झालो तिथं मुलं ओट्यावर बसायची, वर्गात जागा नसायची. आता तिथं गेलं की पोटात कालवतं.

भाची : म्हणजे तिकडं जास्त म्हणून भीती आणि इकडं कमी म्हणून भीती. मामा, दोन्ही भीती एकदम कशा खऱ्या असतील? लेकरं कमी होणं हे जामखेडचं यश आहे. कमी लेकरं आहेत तर प्रत्येकाला चांगली शाळा द्या, दोन शिक्षक द्या. सरकार उलटं म्हणतं, कमी आहेत म्हणून शाळाच नको. त्या निर्णयाचं खापर लेकरांच्या संख्येवर कशाला?

मामा : इथं माझं तुझं जमलं.

भाची : पण तुमच्या ६२ हजारांत मला एक गोष्ट खुपते, ती तुम्ही कधी बोलत नाही. सगळी घट चांगली नाही. २०११ ला ५ लाख ३७ हजारांत मुलगे २ लाख ९० हजार होते आणि मुली २ लाख ४७ हजार. हजारांमागं ८५२. दहा वर्षांपूर्वी त्याच ८८४ होत्या. निसर्गाच्या हिशोबानं हजारी ९५० जरी धरल्या तरी २ लाख ७५ हजार मुली हव्या होत्या. म्हणजे एकट्या आपल्या जिल्ह्यात २८ हजार मुली नाहीत. सोनोग्राफी आली, पैसा आला, त्यातून नाहीत. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ ला केला, केंद्राचा १९९४ चा. कायद्याच्या डोळ्यांदेखत हे झालं. शेजारचं बीड ८०७. आणि गडचिरोली ९६१, जिला आपण मागास म्हणतो.

मामा : आफ्रिकेत?

भाची : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला हजार मुलांमागं साधारण ९७० मुली जन्मतात. तिथं आईला सहा लेकरं असतील, पण पोटात मुलगी आहे म्हणून गर्भ काढून टाकला, असं तिथं सहसा घडत नाही. तुमच्या तक्त्यात कमी वाढ म्हणजे पुढारलेला देश आणि जास्त वाढ म्हणजे मागासलेला, असं दिसतं. हा एक रकाना जोडा, मग बघा चित्र कसं बदलतं.

मामा : दोन अपत्यांच्या अटीनंही हे वाढवलं, असं मला वाटतं. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवता येत नाही. लहान कुटुंब हवं आणि त्यात मुलगा हवाच. मग दोनांतली मुलगी जाते.

मामांनी हे आपणहून सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. संख्येचा धाक दाखवून कायदे केले की घरातलं ओझं कुणाच्या अंगावर पडतं, हे जिल्हा परिषदेच्या राजकारणाच्या कडेनं आयुष्य काढलेल्या माणसापेक्षा कोण जास्त जाणणार! याचा पुढचा भागही तितकाच गंभीर आहे. २००१ साली ज्या मुलींची संख्या हजारी ८८४ होती, त्या आज पंचविशी-तिशीत आहेत. त्या वयाचे मुलगे गावोगाव लग्नाचे थांबलेले आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अशा तरुणांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा बातम्यांत त्याची गंमत झाली. गंमत करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्या आया जन्मल्याच नाहीत, त्यांची लेकरंही शाळेच्या पटावर येणार नाहीत. मामांना रिकामे वर्ग दिसतात, त्यांतले काही बाक असे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच रिकामे झालेले आहेत.

आणि तरीही सगळे बाक जन्म घटल्यामुळे रिकामे नाहीत. वाद खऱ्या अर्थानं पेटला तो इथं.

मामा : तू जामखेडचं सांगतेस, मी पाथर्डीचं सांगतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या गाड्या लागतात. ज्यांनी उचल घेतली ते सगळे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, नाहीतर आपल्याच जिल्ह्याचा उत्तर भाग. म्हातारी माणसं घरी असली तर शाळेतली पोरं मागं राहतात, नाहीतर तीही जातात. मग हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत वर्ग ओस.

भाची : शाळेतल्यांसाठी निदान हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ ला संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली. माझी लेकरं सहा वर्षांच्या आतली आहेत. अंगावर पिणारं बाळ कुठल्या वसतिगृहात ठेवता? ते आईबरोबर फडात जातं. पहाटे आई ऊस तोडते तेव्हा ते पाचटावर झोपलेलं असतं. घरी असताना आम्ही त्याचं दर महिन्याला वजन करतो, तीन वर्षांपर्यंत घरी आहार देतो, पुढं अंगणवाडीत गरम जेवण. ऑक्टोबरात ते माझ्या रजिस्टरमधून निघतं आणि मार्च-एप्रिलात परत येतं तेव्हा किती जणांचं वजन उतरलेलं असतं. आमच्या नोंदीच्या अॅपमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, पण टोळी कुठल्या गावाच्या शिवारात उतरली हे आईलाही सांगता येत नाही. आठवड्याला कोपी, ती फडाजवळची तात्पुरती झोपडी, हलते.

मामा : हे सगळं मी पाहिलंय. पण याचा तुझ्या मोजणीशी काय संबंध?

भाची : मामा, जनगणना कुठल्या महिन्यात होते?

मामा : फेब्रुवारीत. २००१ ला ९ ते २८ फेब्रुवारी, २०११ लाही तेच.

एवढं बोलून मामा थांबले. आपल्या उत्तराचा अर्थ त्यांना त्याच क्षणी कळला असावा.

भाची : फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगाम भर जोरात. पाथर्डीची हजारो कुटुंबं त्या दिवसांत घरी नव्हती. मग तुम्ही त्यांच्या घरांचं काय लिहिलंत?

मामा : घर बंद. नियमच तसा आहे. मोजणीच्या सगळ्या काळात माणूस बाहेर असेल तर तो जिथं राहतोय तिथं मोजायचा. इथं लिहिला आणि तिथंही लिहिला तर दोनदा होईल. तो नियम चुकीचा नाही, पोरी. देशाची मोजणी अशीच करावी लागते.

भाची : नियम बरोबर आहे, कबूल. तिथल्या प्रगणकानं कोपीत वाकून पाहिलं असेल का, हा माझा पहिला प्रश्न. आणि पाहिलं असेल तर ते लेकरू सांगलीच्या खात्यात गेलं, हा दुसरा. अंगणवाडी कशावर मिळते? चारशे ते आठशे लोकसंख्येमागं एक. दीडशे ते चारशेला मिनी अंगणवाडी. लोकसंख्या कुठली? जनगणनेची. रेशनचे इष्टांकही जनगणनेवरच. म्हणजे सांगलीच्या साखरपट्ट्यातल्या गावाला माझ्या लेकराच्या नावानं आकडा मिळाला आणि अंगणवाडीच्या ताटात त्याला जागा मिळाली नाही, कारण ते तिथलं रहिवासी नाही. माझ्या गावात जागा होती पण आकडा नाही. ते कुणाचंच राहिलं नाही. तुमच्या ६२ हजारांच्या घटीत अशी किती, सांगता येईल?

मामा : नाही सांगता येणार. २००१ लाही फेब्रुवारीच होता, तेव्हा दोन्ही वेळची चूक सारखीच म्हणावी तर तसंही नाही. हंगामाला जाणारे दर दहा वर्षांनी सारखेच कुठं असतात? पाऊस कसा झाला, कारखाने किती चालू होते, यावर ते बदलतं. हे लक्षात घ्यायला हवं होतं. आम्ही घरं मोजत गेलो.

मला स्वतःला या सगळ्या वादातून एक गोष्ट पटली आहे. नायजेरिया-इथिओपियाची तुलना वाचताना ‘किती वाढतील’ याच्या आधी ‘आज किती जण मोजले गेले आणि मोजलेल्यांतले किती जगले’ हे विचारायला हवं. हा प्रश्न तिकडच्यापेक्षा इकडं आधी लागू होतो. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या प्रवरेच्या काठी केली, तो हा जिल्हा. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेतल्या कोरडवाहू तालुक्यांतून त्या उसाला हात मिळतात. उत्तरेच्या समृद्धीचा हिशोब टनांत ठेवला जातो, दक्षिणेच्या लेकरांचा हिशोब ठेवायला घर बंद असतं. हिवरे बाजारात पाणी अडवलं गेलं तेव्हा मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली, हे जिल्ह्यानं पाहिलं आहे. गावात रोजगार राहिला की लेकरूही गावात राहतं, हा त्यावरचा कायमचा उपाय. पण तो होईपर्यंत दर हंगामात नवं बाळ फडात जातच राहणार, आणि त्याची नोंद थांबून चालणार नाही.

शेवटी दोघांचं एका कामापुरतं जमलं. संख्येबद्दलचा मूळ मतभेद तसाच राहिला. मामांना जास्त लेकरांची भीती आजही वाटते, भाचीला ती वाटत नाही. पण मामांनी प्रगणकांसाठी एक टिपण लिहून काढायचं ठरवलं आहे आणि भाची त्याला आपल्या अंगणवाड्यांच्या नोंदी जोडणार आहे. त्यात मागण्या साध्या आहेत. टोळी जिथं उतरली असेल तिथल्या ग्रामपंचायतीनं कोप्यांची यादी करावी आणि प्रगणकाला ती हातात द्यावी. कारखान्याच्या शेतकी खात्याकडं टोळ्यांच्या नोंदी असतातच, त्या तहसीलदारांकडं जाव्यात. कोपीतल्या प्रत्येक लेकराचं जन्मगाव आणि आईचं मूळ गाव नीट विचारून लिहावं. आणि अंगणवाडी मंजूर करताना जिल्हा परिषदेनं जनगणनेच्या आकड्याबरोबर जून-जुलैत, सगळी कुटुंबं घरी असताना केलेली स्वतःची मोजणी धरावी.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. माणसं मोजायचे दिवस पुन्हा फेब्रुवारीचेच आहेत. साखरपट्ट्यातल्या प्रत्येक प्रगणकाला, ग्रामसेवकाला आणि शिक्षकाला माझी हात जोडून विनंती आहे : आपल्या हद्दीतला ऊस जिथं तुटत असेल तिथपर्यंत चालत जा, आणि कोपीतलं सगळ्यांत लहान लेकरू आधी लिहा.